इव्हेंट हब्ज: रीस्टार्ट केलं की एकतर रीडिंग गायब, नाहीतर आठवड्याचे सगळे अलर्ट पुन्हा (सचिव रात्री तीनला केंद्रावर)

तासगावचा_बॅकएंड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

सांगली जिल्ह्यातल्या एका दूध संघाचं काम माझ्याकडे आहे. नोकरी नाही, कंत्राट. गावोगावी संकलन केंद्रं, केंद्रावर बल्क कूलर (दूध गार करायची टाकी), सगळे मिळून १४०. प्रत्येक कूलरमध्ये तापमानाचा सेन्सर, दर ३० सेकंदांनी एक रीडिंग. ते गेटवेवरून (सेन्सरचा डेटा पुढे पाठवणारी पेटी) एमक्यूटीटी या प्रोटोकॉलने माझ्या एका पायथन सर्व्हिसकडे येतं (तिला मी 'पूल' म्हणतो) आणि पूल ते ॲझ्युर इव्हेंट हब्जमध्ये टाकतो (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरची, येणारे मेसेज साठवून वाचायला देणारी सेवा). स्टँडर्ड टिअर, ४ पार्टिशन (माल वाटून ठेवायचे कप्पे), रिटेन्शन म्हणजे साठवण ७ दिवस. सेंट्रल इंडिया रीजन, म्हणजे पुणेच.

पलीकडे दुसरी सर्व्हिस वाचायला बसलेली. तिची कामं दोन: रीडिंग पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये लिहायचं आणि कूलर १० अंशांच्या वर सलग दोन तास राहिला तर त्या केंद्राच्या सचिवांना एसएमएस टाकायचा. दोन तास का, तर धारेचं दूध ३५ अंशांच्या आसपास येतं, ते ओतलं की तापमान चढणारच, सकाळ-संध्याकाळ. तेवढ्यावर बोंब मारून चालत नाही. पण ते ४ कडे उतरायला लागलं पाहिजे. उतरत नसेल तर कॉम्प्रेसर गेला किंवा लाइट गेली आणि जनरेटर कुणी चालूच केला नाही.

आता दुखणं.

लायब्ररी पायथनची, इव्हेंट हब्जची अधिकृत, व्हर्जन ५ ची. त्यातला असिंक कन्झ्युमर क्लायंट वापरलाय. उदाहरणात होतं तसं प्रत्येक इव्हेंट आला की शेवटी चेकपॉइंट (कुठवर वाचलं याची खूण) अपडेट करणारी मेथड बोलावतो. अगदी इमानेइतबारे. पहिले दोन महिने असं दिसलं की मी सर्व्हिस रीस्टार्ट केली की मधल्या वेळची रीडिंग्ज डेटाबेसमध्ये येतच नाहीत. पाच मिनिटं बंद ठेवली तर पाच मिनिटांचं भगदाड. मला वाटलं, चेकपॉइंट आहे ना, मग सोडलं तिथून उचलायला पाहिजे. शोधल्यावर कळलं की वाचायची सुरुवात कुठून करायची ते सांगितलं नाही तर ते 'लेटेस्ट' धरतं, म्हणजे यापुढे येईल तेवढंच. म्हणून मी तिथे उणे एक टाकलं, म्हणजे पार्टिशनच्या सुरुवातीपासून. भगदाडं बंद झाली. मी खूश.

मग गेल्या मंगळवारी रात्री २ वाजून ४० मिनिटांनी व्हीएमचे (सर्व्हिस चालते त्या व्हर्च्युअल मशीनचे) अपडेट बसले, मशीन आपोआप रीस्टार्ट झालं, सर्व्हिस उठली आणि तिने ७ दिवसांचा सगळा माल पहिल्यापासून वाचला. त्या आठवड्यात लाइटीचा घोळ होता, त्यामुळे खरे अलर्ट २१२ झाले होते. ते सगळे पुन्हा गेले. आणि मी मधल्या काळात 'जरा वेग येईल' म्हणून त्याच सर्व्हिसच्या दोन प्रोसेस चालू केल्या होत्या. मला वाटलं काम वाटून घेतील. दोघींनी सगळं वाचलं. ४२४ एसएमएस.

एका केंद्राचे सचिव, वय साठच्या पुढे, मेसेज बघून उठले, मोटारसायकल काढली, तीन वाजता केंद्रावर गेले, कुलूप काढलं, कूलरचं झाकण उघडून बघितलं. दूध ४ अंशांवर. सकाळी मला फोन. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ते नुसतं म्हणाले, "पोरा, तुझं मशीन बरं आहे ना?"

प्रश्न असे:

चेकपॉइंट करूनसुद्धा त्याला आठवत कसं नाही?
दोन प्रोसेस काम वाटून का घेत नाहीत?
आणि एक मेसेज एकदाच यावा याची खात्री या लायब्ररीत कुठे मिळते? मी आधी रॅबिटएमक्यू या मेसेजच्या रांगेवर होतो, तिथे ॲक (मिळाल्याची पोच) दिलं की विषय संपायचा.

कोड इथे टाकत नाही, उदाहरणातलाच आहे, फक्त माझे घोटाळे मिसळलेत.

---

अर्धविराम

लॉग बघितलेत का? वॉर्निंग लेव्हलचे?

तुम्ही क्लायंट बनवताना चेकपॉइंट स्टोअर, म्हणजे त्या खुणा साठवायची जागा, दिलेलंच नसणार. ते दिलं नाही तर चेकपॉइंटची मेथड बोलावता येते, पण ती काहीही साठवत नाही, फक्त एक वॉर्निंग लिहिते की स्टोअर नाही, चेकपॉइंट झाला नाही. एक्सेप्शन येत नाही. त्यामुळे माणूस निर्धास्त राहतो.

दोन प्रोसेसचंही कारण तेच. कोणतं पार्टिशन कुणाचं ही नोंद त्याच स्टोअरमध्ये असते. स्टोअर नाही म्हणजे दोघींना एकमेकींचा पत्ताच नाही, मग दोघी चारही पार्टिशन वाचणार.

करायचं काय: ब्लॉब स्टोरेजवाला (ॲझ्युरची फाइलसाठवण) चेकपॉइंट स्टोअर. त्याचं पॅकेज वेगळं इन्स्टॉल करावं लागतं, आणि त्यातही दोन आहेत, साधं आणि शेवटी एआयओ लावलेलं. तुम्ही असिंक वापरताय, तर एआयओ घ्या. उलटसुलट घेतलं तर भलतेच एरर बघत बसाल. कंटेनर आधी स्वतः बनवून ठेवा. त्या स्टोरेज अकाउंटवर सॉफ्ट डिलीट आणि व्हर्जनिंग (जुन्या प्रती राखून ठेवणाऱ्या सोयी) बंद ठेवा, कारण हे ब्लॉब सेकंदासेकंदाला पुन्हा लिहिले जातात.

आणि ते उणे एक तसंच राहू द्या. सुरुवातीची जागा फक्त त्या पार्टिशनचा चेकपॉइंट सापडला नाही तरच लागू होते. सापडला तर तोच चालतो.

---

साधं_सरळ

१४० कूलर, ३० सेकंदांनी एक. सेकंदाला पाच इव्हेंटसुद्धा नाहीत. यासाठी इव्हेंट हब्ज? पोस्टग्रेसमध्ये एक टेबल, त्यावर एक क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), झालं. डासाला तोफ कशाला.

---

तासगावचा_बॅकएंड

@साधं_सरळ भाऊ, पटतंय. पण हब मी आणलेलं नाही. संघाने टँकरच्या जीपीएससाठी ते आधीच घेतलं होतं, त्याच नेमस्पेसमध्ये मला एक हब काढून दिलं. आयतं आहे, आणि टँकरवाल्यांना माझी रीडिंग्ज पण हवी आहेत. टेबलावर दोन कंत्राटदार बसवण्यापेक्षा हे बरं.

@अर्धविराम लॉग बघितले. दोन महिन्यांत त्या एकाच ओळीने फाइल भरली आहे. मी वॉर्निंग गाळून फक्त एरर बघत होतो. बोलायला तोंड नाही.

---

रात्रपाळी

स्टोअर जोडलं की भगदाड आणि पारायण दोन्ही थांबेल. पण सचिवांची झोप तेवढ्याने वाचणार नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी या लायब्ररीवर बरीच वर्षं काढली आहेत, आधीची प्रोसेसर होस्टवाली पिढी पण बघितली आहे.

तुमचा मूळ गोंधळ रॅबिटएमक्यूच्या सवयीतून आलाय. तिथे रांग असते. एकाने उचललं, ॲक दिलं, रांगेतून गेलं. इव्हेंट हब ही रांग नाही, पोथी आहे. तुम्ही वाचलं म्हणून पान गळून पडत नाही. ते रिटेन्शन संपल्यावरच जातं, कुणी वाचलेलं असो वा नसो. चेकपॉइंट म्हणजे पोथीत ठेवलेलं मोरपीस. 'इथवर वाचलं' एवढंच ते सांगतं. वाचलेल्यावर काय केलं, ते त्याला ठाऊक नाही. कन्झ्युमर ग्रुप म्हणजे त्याच पोथीचे वेगवेगळे वाचक, प्रत्येकाचं पीस वेगळं. टँकरवाले तुमची रीडिंग्ज वाचणार असतील तर त्यांना आजच वेगळा ग्रुप काढून द्या. '$डिफॉल्ट'मध्ये दोघे बसलात तर एकमेकांची पार्टिशन ओढत बसाल.

आता एकदाच येण्याची खात्री. ती नाही. हमी आहे ती किमान एकदा येण्याची. समजा बॅच वाचली, पोस्टग्रेसमध्ये लिहिली, आणि चेकपॉइंट लिहायच्या आत प्रोसेस मेली. दुसरी उठेल ती मागच्या पिसापासून वाचेल, तीच बॅच पुन्हा येईल. उलट क्रम लावला, आधी चेकपॉइंट मग काम, तर पुन्हा येणार नाही पण गळेल. दुधाच्या बाबतीत गळण्यापेक्षा दुबार परवडलं. मग दुबार ओळखायची जबाबदारी तुमची.

ओळखायचं कशावरून? बहुतेक जण पार्टिशन नंबर आणि सीक्वेन्स नंबर (पार्टिशनमधला अनुक्रम) धरतात. वाचताना झालेली पुनरावृत्ती त्याने पकडली जाते. पण तुमच्या पुलाने पाठवलं, उत्तर यायच्या आत नेटवर्क तुटलं, लायब्ररीने आपणहून पुन्हा पाठवलं, तर तेच रीडिंग हबमध्ये दोनदा बसतं, दोन वेगळ्या सीक्वेन्स नंबरनी. तिथे हा उपाय फसतो. म्हणून खूण उगमाची घ्या: कूलर नंबर आणि गेटवेचा स्वतःचा काउंटर. गेटवे बंद पडून काउंटर शून्यावर येत असेल तर रीडिंगची वेळही जोडा. पोस्टग्रेसमध्ये त्यावर युनिक इंडेक्स (तीच नोंद दुसऱ्यांदा बसू न देणारा), आणि आधीच असेल तर गुपचूप सोडून द्यायचं.

मला खरी काळजी तुमच्या दोन तासांची वाटते. 'सलग दोन तास' हा हिशोब कुठे ठेवलाय? मेमरीत असेल, तर चेकपॉइंट नीट चालायला लागल्यावर नवीन भोक पडेल. कूलर एक तास पन्नास मिनिटं तापलेला आहे, तुम्ही नवीन व्हर्जन टाकलंत, सर्व्हिस चेकपॉइंटपासून पुढे वाचायला लागली, आणि तिच्या लेखी घड्याळ शून्यावर. अलर्ट आणखी दोन तासांनी. गंमत बघा, तुमचं उणे एकवालं जुनं व्हर्जन हे बरोबर करत होतं, कारण ते सगळंच पुन्हा मोजायचं.

म्हणून रीडिंग, 'हा कूलर केव्हापासून १० च्या वर आहे' ही नोंद आणि पाठवायचा एसएमएस, तिन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं बसेल नाहीतर काहीच नाही) पोस्टग्रेसमध्ये लिहा. एसएमएस पाठवायचं काम वाचणाऱ्या सर्व्हिसने करायचंच नाही. तिने फक्त टेबलात ओळ टाकायची, पाठवणारा वेगळा. ट्रान्झॅक्शन कमिट झालं की मग चेकपॉइंट.

पाठवणाऱ्याने आधी विचारायचं: हे रीडिंग किती जुनं आहे? पंधरा मिनिटांपेक्षा जुनं असेल आणि त्याच कूलरचं ताजं रीडिंग ठीक असेल, तर गप्प बसायचं. एवढी एक अट असती तर मंगळवारी रात्री काही झालं नसतं, बाकी सगळं चुकलेलं असूनही.

आणि दर इव्हेंटला चेकपॉइंट नको. दिवसाला ४,०३,२०० रीडिंग्ज होतात तुमच्याकडे, म्हणजे तितक्या वेळा ब्लॉबवर लिहिणं. पार्टिशनमागे मिनिटाला एकदा केलंत तर ५,७६०. क्रॅश झाला तर फार तर मिनिटभराचं पुन्हा वाचाल, ते युनिक इंडेक्स खाईल.

---

तासगावचा_बॅकएंड

ताई, दंडवत. आणि मला अहो-जाहो नको, तीसचा पण नाही मी.

हिशोब मेमरीतच होता. एका डिक्शनरीत.

दहा दिवस घालवून तुम्ही सांगितलं तसं केलं. दोन प्रोसेस उठवल्या, दोन-दोन पार्टिशन घेतली, बघून बरं वाटलं. तीन गोष्टी अडल्यात.

एक. मधेच लॉगमध्ये येतं की जास्त इपॉकचा (मालकीच्या दाव्याची पातळी) नवीन रिसीव्हर तयार झाला म्हणून आताचा तोडला जातोय. पार्टिशन या प्रोसेसकडून त्या प्रोसेसकडे, परत इकडे. सुरुवातीला एकदा झालं तर समजू शकतो, पण संध्याकाळच्या संकलनाच्या वेळी अर्धा अर्धा तास हा खो-खो चालतो.

दोन. कूलर ५७ चं रीडिंग ११.२ आलं, मग १०.९, मग एकदम ४.३, मग परत ११. दुधाचं असं होत नाही. वेळ बघितली तर ते ४.३ तासाभरापूर्वीचं. क्रम उलटापालटा येतोय, आणि एका जुन्या ४.३ ने माझे दोन तास पुन्हा शून्य होतात.

तीन. लाइट आल्यावर गेटवे साठलेलं सगळं एकदम ओततात, तेव्हा काही रीडिंग्ज हरवतात. काउंटरवरून पकडलं. विचित्र म्हणजे गळती समान अंतरावर आहे, साधारण साडेतीन-चार हजारांमागे एक. चोर पण इतका शिस्तीचा नसतो.

बाकी, ती पंधरा मिनिटांची अट लावली आणि ती कधी लागूच होईना. शेवटी सापडलं: गेटवे भारतीय वेळ पाठवतो, पुढे झोन न लावता, आणि मी ती यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) समजून वजाबाकी करत होतो. माझं प्रत्येक रीडिंग साडेपाच तास भविष्यातलं. जुनं होणार कसं?

---

अर्धविराम

तिसऱ्याचं सांगतो, कारण हा खड्डा मी स्वतः खणून त्यात पडलोय.

पूल बॅच बनवतो ना? बॅचमध्ये इव्हेंट घालताना जागा संपली की व्हॅल्यू एरर येतो. तुम्ही तो पकडून भरलेली बॅच पाठवता, नवी बॅच उघडता, आणि लूप पुढच्या इव्हेंटवर जातो. ज्या इव्हेंटला जागा मिळाली नाही तो? तो कुठल्याच बॅचमध्ये गेला नाही. एसटी भरली, कंडक्टरने बेल मारली, दुसरी गाडी लागली, आणि दारात उभा असलेला माणूस तिथेच राहिला. स्टँडर्डमध्ये बॅचची मर्यादा १ एमबी, तुमचं रीडिंग दोन-अडीचशे बाइट असेल, वर थोडं वेष्टण. तीन-चार हजारांचा हिशोब बरोबर बसतो. नवी बॅच उघडली की आधी तो अडकलेला इव्हेंट तिच्यात घाला, मग पुढे जा.

एरवी कळत नाही, कारण सेकंदाला पाच इव्हेंटने बॅच कधी भरतच नाही. लाइट गेली की मगच.

आणि विचारून ठेवतो: प्रोड्युसर क्लायंट (हबमध्ये पाठवणारा) दर वेळी नवा बनवत नाही ना?

---

तासगावचा_बॅकएंड

...बनवतो. फंक्शनच्या आत. शेवटी क्लोज पण करतो, नेटकेपणाने.

---

अर्धविराम

म्हणजे दर रीडिंगला नवीन कनेक्शन, टीएलएस (एन्क्रिप्शनची जुळणी), ओळखपाळख, एक इव्हेंट, राम राम. क्लायंट एकदाच बनवा, सर्व्हिस जगेल तोवर तोच. आणि हो, पूल संघाच्या ऑफिसात चालवणार असाल तर एएमक्यूपीला (लायब्ररी हबशी बोलते तो प्रोटोकॉल) ५६७१ पोर्ट लागतं, ते बऱ्याच ठिकाणी बंद असतं. ट्रान्सपोर्ट वेबसॉकेटवर करा, मग ४४३ पुरतं.

---

रात्रपाळी

बरं, मग 'तू'.

क्रमाचं आधी. इव्हेंट हबमध्ये क्रम फक्त एका पार्टिशनच्या आत असतो. तू पाठवताना पार्टिशन की दिली नाहीस, त्यामुळे बॅचा चारही पार्टिशनांत वाटल्या जातात. कूलर ५७ चं एक रीडिंग तिसऱ्यात, पुढचं पहिल्यात. तिसरं पार्टिशन वाचणारा तुंबला की पहिल्यातलं पुढे. की म्हणून कूलर नंबर दे. एका कीचे सगळे इव्हेंट एकाच पार्टिशनमध्ये जातात.

फक्त एक लक्षात ठेव, या लायब्ररीत की इव्हेंटला नाही, बॅचला द्यायची असते. बॅच उघडतानाच. त्यामुळे कूलरमागे एक बॅच होईल. लोक म्हणतात हे वाया जाणं आहे. तुझ्याबाबतीत करून बघ हिशोब: एरवी बॅचमध्ये एकच इव्हेंट, सेकंदाला पाच पाठवण्या, काही बिघडत नाही. सगळ्या जिल्ह्याची लाइट दोन तास गेली तर कूलरमागे २४० रीडिंग्ज साठतील, ते एका बॅचमध्ये आरामात मावतात, म्हणजे १४० पाठवण्या. एकूण ३३,६०० इव्हेंट. एका थ्रुपुट युनिटला (हबच्या क्षमतेचं एकक) सेकंदाला १,००० इव्हेंट किंवा १ एमबी आत घेता येतं, म्हणजे अर्ध्या मिनिटाचं काम. तेवढ्यात थ्रॉटल झालंच (हबने वेग अडवला) तर लायब्ररी ठरावीक वेळा आपणहून पुन्हा प्रयत्न करते. त्यानंतर एक्सेप्शन येतो, तो गिळू नकोस, बॅच बाजूला ठेव. बफर्ड मोड (पाठवायचं ते आधी मेमरीत साठवणारा) पण आहे, त्यात हे वाटप लायब्ररी करते, पण मशीन अचानक गेलं तर बफरमधलं गेलं. तुझ्याकडे लाइटीचाच खेळ, मी नाही घेणार.

पार्टिशन चारच राहू दे. स्टँडर्डमध्ये ती नंतर वाढवता येत नाहीत, पण तुला आठाची गरज पडायला आणखी दोन जिल्हे लागतील. चारापेक्षा जास्त प्रोसेस मात्र लावू नकोस, जास्तीच्या नुसत्या बसून राहतील.

आता खो-खो. एसएमएस पाठवणं वेगळं काढलंस का खरंच? की टेबलात ओळ पण टाकतोस आणि लगेच तिथेच पाठवतोस पण?

---

तासगावचा_बॅकएंड

...दुसरं. वेगळा पाठवणारा या शनिवारी करणार होतो. सध्या त्याच फंक्शनमध्ये रिक्वेस्ट्स लायब्ररीने एसएमएस गेटवेला कॉल जातो.

---

रात्रपाळी

वाटलंच. असिंक क्लायंट म्हणजे एकच इव्हेंट लूप, सगळी कामं आळीपाळीने करणारा. त्यावर त्या प्रोसेसच्या सगळ्या पार्टिशनांचं वाचन, आणि 'हे पार्टिशन अजून माझंच आहे' ही नोंद ताजी करणं, सगळं चालतं. तू त्यात रिक्वेस्ट्सचा साधा, अडवून धरणारा कॉल टाकलास. त्या लायब्ररीला आपण टाइमआउट दिला नाही तर ती कितीही वेळ वाट बघते. संध्याकाळी एसएमएस गेटवेवर गर्दी, कॉल लटकला, लूप गप्प. मालकीची नोंद दर ३० सेकंदांनी ताजी व्हायला हवी, आणि तशी सहा खेपा झाली नाही, म्हणजे तीन मिनिटं, तर ती कालबाह्य धरली जाते. दुसरी प्रोसेस प्रामाणिकपणे समजते की तू मेलास, आणि पार्टिशन उचलते. मग तुझा कॉल सुटतो, तू जागा होतोस, तुला तो इपॉकचा मेसेज दिसतो. थोड्या वेळाने तीच गत तिची.

शनिवारपर्यंत थांबू नकोस. निदान टाइमआउट तरी दे आज.

आणि याच तीन मिनिटांमुळे आणखी एक: सर्व्हिस थांबवताना धाडकन मारू नकोस. सिस्टमडीचा (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा-थांबवणारा) टर्म सिग्नल पकड आणि क्लायंट नीट क्लोज कर, म्हणजे तो पार्टिशन सोडून जाईल. किल नऊ (प्रोसेस जागच्या जागी मारणारा सिग्नल) दिलास तर दुसरी प्रोसेस त्याची मुदत संपायची वाट बघत बसते.

---

साधं_सरळ

टेबल आणि क्रॉन. मी काही बोलत नाही.

---

तासगावचा_बॅकएंड

तीन आठवड्यांनी लिहितोय, धागा अर्धा सोडून पळणाऱ्यातला मी नाही.

पाठवणारा वेगळा केला. की दिली, अडकलेला इव्हेंट नव्या बॅचमध्ये घालतो, प्रोड्युसर एकच. खो-खो बंद. गेल्या गुरुवारी पलूसच्या बाजूला लाइट साडेतीन तास नव्हती, आल्यावर सगळं साठलेलं आलं, काउंटरमध्ये एकही भोक नाही, क्रम सरळ. दिवसाढवळ्या मुद्दाम एका प्रोसेसला किल नऊ दिला आणि घड्याळ लावून बसलो: दुसरीने तीन मिनिटांच्या जरा पुढे पार्टिशन घेतली, मागच्या मिनिटाची रीडिंग्ज पुन्हा आली, युनिक इंडेक्सने खाल्ली, एसएमएस एकही नाही.

@साधं_सरळ भाऊ, पाठवणारा म्हणजे शेवटी टेबल आणि क्रॉनच आहे. घ्या.

एकच राहिलंय. परवा त्याच सचिवांच्या केंद्रावर कॉम्प्रेसर खरंच बसला. दोन तासांनी अलर्ट निघाला, आमच्या बाजूला 'पोहोचला' अशी नोंद. ते आले नाहीत. मी फोन केला तेव्हा कळलं, त्या रात्रीनंतर त्यांच्या नातवाने आमचा सेंडर ब्लॉक करून टाकलाय. नशीब, दूध टँकरमध्ये चढवून वाचलं. उद्या जाऊन फोन हातात घेऊन अनब्लॉक करून येतो, जाताना पेढे नेतो.